गौरवपत्रात न मावलेला खलाशी : डोरिस मिलर आणि नेव्ही क्रॉस

आजचा विषय एक पदक आहे आणि ते मिळवणारा एक खलाशी. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा तोफा आणि टॉर्पेडो यांच्याबद्दल मी का बोलतोय असं कोणाला वाटेल. पण सन्मान म्हणजे काय, तो कोण देतो, कशाचा देतो, हे प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुने आहेत. ते नुसते हवेत ठेवण्यापेक्षा एका खऱ्या माणसाच्या गोष्टीवर घासून बघावेत, म्हणून हा विषय.

आधी पदकाकडे बघू. अमेरिकेच्या नौदलाचं 'नेव्ही क्रॉस' हे शौर्यपदक अमेरिकन काँग्रेसने फेब्रुवारी १९१९ मध्ये, म्हणजे पहिलं महायुद्ध संपल्यानंतर लगेच, कायदा करून सुरू केलं. त्याची रचना जेम्स अर्ल फ्रेझर या शिल्पकाराची. अमेरिकेचं एका बाजूला रेड इंडियनाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला बायसन असलेलं पाच सेंटचं प्रसिद्ध नाणं केलं, तोच हा फ्रेझर. पदक ब्राँझचं. क्रॉसच्या भुजांची टोकं गोलसर, दोन भुजांच्या मधल्या कोनांत लॉरेलची पानं, मध्यभागी लाटांवर चाललेलं जुन्या काळचं शिडाचं जहाज. मागच्या बाजूला एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन नांगर. फीत गडद निळी, मधोमध पांढरी पट्टी. झालं. हातात घेतलं तर ब्राँझचा एक छोटा तुकडा.

आता माणूस. डोरिस मिलर. जन्म १२ ऑक्टोबर १९१९, टेक्सास राज्यातल्या वेको या गावाजवळ. म्हणजे पदक आणि माणूस एकाच वर्षी जन्माला आले. 'डोरिस' हे तिकडे मुलीचं नाव. सुईणीला मुलगी होणार अशी खात्री होती, म्हणून ते ठरून गेलं असं सांगतात. आईवडील कृष्णवर्णीय, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे. आपल्याकडच्या भाषेत कुळं म्हणा. चार भावांतला हा तिसरा. अंगाने दांडगा, सहा फूट तीन इंच उंच, शाळेत फुटबॉल खेळणारा. घरी पैसा हवा होता आणि जगही बघायचं होतं. सप्टेंबर १९३९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो नौदलात भरती झाला.

भरती झाला म्हणजे काय झाला, हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन नौदलाने कृष्णवर्णीयांची नवी भरती जवळजवळ थांबवलेलीच होती. १९३०च्या दशकात ती पुन्हा उघडली, पण फक्त एका शाखेसाठी. मेस. त्या मुलांनी अधिकाऱ्यांना जेवण वाढायचं, त्यांची अंथरुणं घालायची, बूट पुसायचे, कपडे धुवायला न्यायचे. गणवेश नौदलाचा, जहाज युद्धनौका, पण काम घरगड्याचं. तोफेवर, इंजिनावर, सुकाणूवर जायचा मार्ग बंद. १९४० मध्ये 'फिलाडेल्फिया' या युद्धनौकेवरच्या पंधरा मेस अटेंडंटनी 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राला एक पत्र लिहिलं. आमची इथे काय अवस्था आहे ते वाचा आणि आयांनो, आपल्या मुलांना नौदलात पाठवू नका, असा त्याचा आशय होता. नौदलाने त्या मुलांना सेवेतून काढून टाकलं.

मिलर या मेस शाखेत होता. १९४० च्या जानेवारीपासून 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर. जहाजावरच्या मुष्टियुद्धात तो हेवीवेट विजेता होता, म्हणजे ठोसे मारायला परवानगी होती, तोफ चालवायला नव्हती.

७ डिसेंबर १९४१. हवाई बेटांवरचं पर्ल हार्बर. रविवारची सकाळ. आठ वाजायला काही मिनिटं कमी असताना जपानी विमानं आली. मिलर न्याहारी वाढून मोकळा झाला होता आणि अधिकाऱ्यांचे धुण्याचे कपडे गोळा करत होता. धोक्याचा भोंगा झाला तसा तो आपल्या नेमलेल्या जागेकडे धावला. ती जागा होती जहाजाच्या मध्यभागी, विमानविरोधी तोफांच्या दारूगोळ्याच्या कोठीत. तिथे पोचतो तर टॉर्पेडोने ती कोठी उद्ध्वस्त झालेली. म्हणजे, बघा, त्या क्षणी त्याला नेमून दिलेलं काम उरलंच नव्हतं. जहाजाला एकामागून एक टॉर्पेडो लागत होते, वरून बाँब पडत होते, आग लागली होती.

तो वर डेकवर आला. अंगात ताकद होती, ती बघून त्याला जखमींना उचलून सुरक्षित जागी न्यायला सांगितलं गेलं. मग लेफ्टनंट कमांडर जॉन्सन यांनी त्याला ब्रिजवर, म्हणजे कप्तान जिथून जहाज चालवतो तिथे, सोबत नेलं. कप्तान मर्विन बेनियन यांच्या पोटात बाँबचा तुकडा घुसला होता. शेजारच्या 'टेनेसी' जहाजावर पडलेल्या बाँबचा तो तुकडा. मिलरने इतरांबरोबर त्यांना उचलून आडोशाला नेलं. कप्तान जहाज सोडायला तयार नव्हते, पडल्या पडल्या आज्ञा देत होते, आणि थोड्याच वेळात ते गेले.

या दरम्यान लेफ्टनंट फ्रेडरिक व्हाइट यांनी मिलरला दोन मशीनगनींकडे नेलं. कशी चालवायची ते थोडक्यात सांगितलं. अपेक्षा अशी की हा गोळ्यांचे पट्टे पुरवेल. पण व्हाइट यांनी वळून पाहिलं तर मिलर स्वतःच एका गनमागे उभा राहून गोळीबार करत होता. या गनचं रीतसर शिक्षण त्याला दिलेलं नव्हतं, कारण मेसमधल्या मुलांना ते द्यायचंच नसे. दारूगोळा संपेपर्यंत तो गोळ्या झाडत राहिला. जहाज तळाशी बसत चाललं, तशी तेलाने माखलेल्या पाण्यातून त्याने पुन्हा जखमींना ओढून बाहेर काढायला सुरुवात केली. जहाज सोडणाऱ्या शेवटच्या लोकांत तो होता. त्या दिवशी 'वेस्ट व्हर्जिनिया'वरची शंभराहून जास्त माणसं गेली.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. १ जानेवारी १९४२ रोजी नौदलाने पर्ल हार्बरमधल्या कामगिरीबद्दल प्रशंसेची एक यादी प्रसिद्ध केली. या यादीत एका कृष्णवर्णीयाचा उल्लेख होता. नुसता उल्लेख. नाव नाही. जहाजावर प्रत्येक माणसाची नोंद असते, पगारपत्रक असतं, जेवणाचा हिशेब असतो. ज्याने मरणाऱ्या कप्तानाला उचललं त्याचं नाव सापडत नव्हतं, हे शक्य आहे का? ते शोधावंसं कोणाला वाटलं नव्हतं, इतकंच.

मग ज्यांना वाटलं त्यांनी शोधलं. 'पिट्सबर्ग कुरियर'ने पाठपुरावा केला. त्या पंधरा मुलांचं पत्र छापणारं हेच ते वृत्तपत्र. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने आवाज उठवला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा एक मोठा संग्रह आहे. त्याचे प्रमुख लॉरेन्स रेडिक यांनी नौदलाशी पत्रव्यवहार केला आणि मार्च १९४२ मध्ये जाहीर केलं की या माणसाचं नाव डोरिस मिलर आहे. हल्ला डिसेंबरात, नाव मार्चमध्ये. तेसुद्धा एका इतिहासकाराने पत्रं लिहिली म्हणून.

नाव कळल्यावर चक्रं फिरली. सिनेटर जेम्स मीड आणि प्रतिनिधी जॉन डिंगेल यांनी मिलरला 'मेडल ऑफ ऑनर', म्हणजे सर्वोच्च पदक, द्यावं अशी विधेयकं मांडली. नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी १ एप्रिलला त्याला प्रशस्तिपत्र दिलं. पत्र, पदक नव्हे. दबाव वाढत गेला आणि ११ मे १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नेव्ही क्रॉसला मान्यता दिली. २७ मे रोजी पर्ल हार्बरमध्येच, 'एंटरप्राइज' या विमानवाहू नौकेच्या डेकवर, पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल चेस्टर निमिट्झ यांनी ते पदक मिलरच्या छातीवर लावलं. त्याचा फोटो आहे. समोर पांढऱ्या गणवेशातला उंच, गंभीर चेहऱ्याचा तरुण, आणि त्याच्यापुढे किंचित वर हात करून पदक टोचणारा ॲडमिरल.

आता मी तुम्हाला पदकाबरोबरचं गौरवपत्र ऐकवणार नाही, पण त्यात काय आहे ते सांगतो, कारण ते बारकाईने वाचण्यासारखं आहे. त्यात दोन कामांची नोंद आहे. पहिलं, ब्रिजवर गोळीबार आणि आग चालू असताना जखमी कप्तानाला हलवायला मदत केली. दुसरं, नंतर मशीनगन चालवली, ब्रिज सोडण्याची आज्ञा होईपर्यंत. बस्स. विमानं किती पाडली, याचा एक शब्द नाही. आणि तेलाच्या पाण्यातून बाहेर काढलेल्या साध्या खलाशांबद्दलही एक शब्द नाही.

लोककथेने नेमकं उलटं केलं. वृत्तपत्रांत आणि पुढे सिनेमांत मिलर म्हणजे विमानं पाडणारा. कोणी दोन म्हणतं, कोणी चार, कोणी सहा. मिलर स्वतः एवढंच म्हणाला होता की एखादं आपल्या हातून पडलं असावं असं वाटतं. त्या दिवशी सगळ्या जहाजांवरच्या, सगळ्या किनाऱ्यावरच्या तोफांनी आणि अमेरिकन विमानांनी मिळून जपान्यांची २९ विमानं पाडली. त्या धुरात कोणाची गोळी कोणत्या विमानाला लागली हे सांगता येत नाही. आणि मला विचाराल तर ते सांगण्याची गरजही नाही. त्याच्या कामाची किंमत विमानांवर ठरत नाही.

म्हणजे बघा, एका कामाची तीन चित्रं आहेत. सरकारी कागदाने पाहिलं ते ब्रिजवरचं, कारण ब्रिजवर अधिकारी होते आणि अहवाल अधिकारी लिहितात. लोकांनी पाहिलं ते तोफेमागचं, कारण लोकांना वीर तसा हवा असतो. आणि ज्यांना त्याने पाण्यातून ओढून काढलं त्यांनी जे पाहिलं ते कोणत्याच पदकावर आलं नाही. ते अहवाल लिहिण्याच्या जागी नव्हते.

इथे ॲरिस्टॉटलची आठवण होते. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथात तो म्हणतो की मान हे आयुष्याचं अंतिम साध्य असू शकत नाही, कारण मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अवलंबून असतो. चांगुलपणा माणसाच्या स्वतःच्या मालकीचा, मान दुसऱ्याच्या हातातला. मिलरच्या गोष्टीत हे किती तंतोतंत दिसतं! ७ डिसेंबरला त्याने जे केलं त्यात १ जानेवारीपर्यंत, मार्चपर्यंत, मेपर्यंत काहीही भर पडली नाही. बदलत गेले ते देणारे. आधी अनाम, मग नाव, मग पत्र, मग पदक.

ॲरिस्टॉटलचीच आणखी एक गोष्ट. धैर्याबद्दल बोलताना तो सांगतो की आधीपासून ठाऊक असलेल्या संकटापेक्षा अचानक आलेल्या संकटात माणूस कसा वागतो यावरून त्याचं खरं धैर्य जास्त कळतं. ठाऊक असलेल्या संकटाला विचार करून, तयारी करून तोंड देता येतं. अचानक आलं की फक्त स्वभाव उरतो. प्रशिक्षित गनर गनमागे उभा राहतो त्यात सराव असतो, तो चांगलाच असतो. पण ज्याला सरावच दिला नाही, ज्याची जागाच उडून गेली, ज्याला आज तू हे कर असं आधी कोणी सांगितलेलं नव्हतं, तो जेव्हा उभा राहतो, तेव्हा त्याच्याकडे उरलेलं काय असतं? त्याला धैर्याची शिकवणी नौदलाने दिली नव्हती. देणं टाळलंच होतं.

आता आपल्याकडून एक आक्षेप नेहमी येतो. गीतेत निष्काम कर्म सांगितलं आहे, मग पदकाची एवढी चर्चा कशाला? खऱ्या वीराला त्याची काय पर्वा? मला हा आक्षेप फार चुकीच्या जागी वापरलेला वाटतो. फळाची आशा धरू नकोस हा उपदेश कर्त्याला आहे, देणाऱ्याला नाही. मजुराने मजुरीची आसक्ती धरू नये असं म्हणून मालकाने मजुरी बुडवली, तर त्याला आपण अध्यात्म म्हणणार का? मिलरने पदक मागितल्याचं कुठेही दिसत नाही. मागितलं ते इतरांनी, आणि त्यांनी ते मागणं योग्यच होतं. कारण त्याचं नाव न लिहिणं हा त्याच्या एकट्याचा अपमान नव्हता. जे काम तुमच्या जातीला जमत नाही असं आम्ही ठरवलं आहे ते तुमच्यातल्या एकाने केलं, तर आम्ही ते पाहिलंच नाही असं म्हणू, हा त्यामागचा अर्थ होता.

पदकाने काय बदललं? थोडं बदललं. एप्रिल १९४२ मध्ये नौदलाने जाहीर केलं की जूनपासून कृष्णवर्णीयांना मेसखेरीज इतर शाखांतही घेतलं जाईल, अर्थात वेगळं ठेवून आणि बहुतेक किनाऱ्यावरच. मिलर हा त्या बदलाचं एकमेव कारण नव्हता. त्यामागे वर्षानुवर्षांचा लढा होता, पण त्याचं नाव त्या लढ्याच्या हातात आलेलं एक उदाहरण होतं. १९४३ मध्ये त्याचं चित्र असलेलं भरतीचं पोस्टर निघालं. त्याला युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी देशभर फिरवलं, भाषणं करायला लावली. पुढे १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यदलांतला वंशभेद संपवण्याचा आदेश काढला.

आणि मिलरचं स्वतःचं काय? पदक मिळालं आणि तो मेसमध्येच राहिला. १ जून १९४२ ला बढती मिळाली, मेस अटेंडंट प्रथम श्रेणी. वर्षभराने आणखी एक, जहाजावरचा तृतीय श्रेणी स्वयंपाकी. ज्या माणसाला तोफ चालवल्याबद्दल देशाने पदक दिलं, त्याला तोफेवर नेमावं असं त्या देशाला वाटलं नाही. या गोष्टीतलं सगळ्यात बोचणारं सत्य मला हेच वाटतं. सन्मान दिला, जागा दिली नाही. छातीवर नेव्ही क्रॉस आणि हातात पळी.

यातला फरक नीट लक्षात घ्या. कौतुक करणं आणि बरोबरीने वागवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कौतुक एका दिवसाचं असतं, ते वरून खाली देता येतं, आणि देणाऱ्याला त्यात काही सोडावं लागत नाही. बरोबरीने वागवायचं तर रोजच्या कामाची वाटणी बदलावी लागते. एखाद्याचं जाहीर कौतुक करून आपण त्याचं बाकीचं देणं चुकवलं असं समाजाला फार सहज वाटतं. पदकांचा इतिहास वाचताना हा धोका लक्षात ठेवावा.

शेवट थोडक्यात सांगतो. १९४३ मध्ये मिलर 'लिस्कम बे' या लहान विमानवाहू नौकेवर होता. २४ नोव्हेंबरला पहाटे, पॅसिफिकमधल्या माकिन बेटाजवळ, जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो तिला लागला आणि बाँबच्या कोठीचा स्फोट झाला. जहाज २३ मिनिटांत बुडालं. २७२ माणसं वाचली, सहाशे चाळीसहून अधिक गेली. मिलरचा देह सापडला नाही. तो २४ वर्षांचा होता. वेकोला त्याच्या आईवडिलांना तो बेपत्ता असल्याची बातमी मिळाली ती ७ डिसेंबरला, पर्ल हार्बरनंतर बरोबर दोन वर्षांनी.

आणि सर्वोच्च पदक? त्या दिवशीच्या पर्ल हार्बरमधल्या कामगिरीसाठी पंधरा मेडल ऑफ ऑनर दिली गेली. एक कप्तान बेनियन यांना, मरणोत्तर. मिलरला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिल्या गेलेल्या शेकडो मेडल ऑफ ऑनरपैकी एकही कृष्णवर्णीयाच्या वाट्याला आलं नव्हतं. सेनादलाने आपल्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि १९९७ मध्ये सात कृष्णवर्णीय सैनिकांना ते दिलं. त्यातला एकच तोवर जिवंत होता. ती तपासणी भूदलाची होती. मिलर नौदलाचा.

मिलरचं पदक वर चढवावं का? माझं मत विचाराल तर, वाद करण्यासारखा प्रश्न आहे. नेव्ही क्रॉस मिळालेल्या आणखी कित्येकांनी त्या सकाळी असामान्य कामं केली, आणि शौर्य तोलायचा काटा कोणाकडेच नसतो. पण कसोटी सगळ्यांना एकच लावली होती का, हा प्रश्न तर्काने सुटणारा आहे. ज्या युद्धात एका वर्णाच्या लाखो माणसांतल्या एकालाही सर्वोच्च पदक मिळत नाही, तिथे दोष माणसांत शोधायचा की मोजणाऱ्याच्या डोळ्यांत? उत्तर अवघड नाही.

१९७३ मध्ये एका फ्रिगेटला 'मिलर' हे नाव दिलं गेलं. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकन नौदलाने जाहीर केलं की एका नव्या अणुशक्तीच्या विमानवाहू नौकेला 'डोरिस मिलर' हे नाव दिलं जाईल. एरवी या नौकांना राष्ट्राध्यक्षांची, ॲडमिरलांची, जुन्या लढायांची नावं मिळतात. साध्या खलाश्याचं नाव विमानवाहू नौकेला देण्याची ही पहिली घोषणा. ज्याच्या नावाची तीन महिने कोणाला गरज वाटली नाही, त्याच्या नावाचं हे जहाज.

मला यातून काय घ्यावंसं वाटतं ते सांगून थांबतो. आपण पदकं, पुरस्कार, सत्कार यांच्या बातम्या वाचतो. वाचताना दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. एक, हे काम कोणी पाहिलं आणि कोणी लिहिलं? आणि दोन, सत्कार झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या माणसाला कोणत्या कामावर पाठवलं? पहिल्या प्रश्नाने इतिहास नीट वाचता येतो. दुसऱ्याने समाज.

आपल्याला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.